नेसायचा हार

सून घरात आली ती दोन कॅमेरे घेऊन, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना जावा-जावा ठरवून टाकलं. जड, लांब नळकांड्याचा तो थोरली. आखूड, चपटा, आख्खी खोली एका नजरेत मावून घेणारा तो धाकटी. दोघी एका गळ्यात पडल्या की भांडण ठरलेलं. थोरली आपल्या वजनानं खाली ओढायची, धाकटी मध्येच उसळी मारून तिच्या काचेवर आदळायची. "एका खुंटीला दोन जावा टांगल्यात, दुसरं काय होणार?" असं बाई म्हणायच्या, आणि यावर हसायचं की नाही ते ऐकणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं.

बाई म्हणजे खालच्या लाँड्रीच्या मालकीणबाई. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना बाई म्हणायचं आणि नवरा होता तोवर नवराही बाईच म्हणायचा. वर घर, खाली लाँड्री, मध्ये एक माणूस आडवं होऊन जाईल एवढा जिना. त्या जिन्यावर चढता-उतरता बाईंचा जन्म गेला होता. लोक प्रवासाला निघायचे, त्यांचे कपडे बाई कडक करून द्यायच्या. लोक परत आले की तेच कपडे मळून यायचे आणि खिशांतून वाळू निघायची, बोटीची तिकिटं निघायची, फुटका शिंपला निघायचा. जग पाहिलं ते बाईंनी असं, लोकांचे खिसे उलटे करून.

सून फोटो काढायची. एका प्रकाशकानं तिला दीपगृहांच्या पुस्तकाचं काम दिलं होतं. समुद्राच्या काठाकाठानं जायचं, एकेक दीपगृह गोल गोल चढायचं, वरून समुद्र टिपायचा आणि खालून दिवा. कॅमेरे दोन कशाला, हे तिनं बाईंना नीट समजावून सांगितलं होतं. तिथं वारा असा की भिंग बदलायला कॅमेरा उघडला रे उघडला की वाळू आणि खारं पाणी आत. म्हणून एकाला लांबचं भिंग, एकाला जवळचं, आणि उघडायचं म्हणून नाही. हे बाईंना पटलं होतं. पटलं नव्हतं ते पुढचं. पहिल्या फेरीहून सून घरी आली ती मान आखडून. मानेवर पट्ट्याचा लाल वळ, आणि कुणी हाक मारली की कपाट हलवल्यासारखी अख्खी वळायची. बरोबर नवरा गेला होता, एक कॅमेरा धरायला म्हणून. पण त्याला बोट लागली, ऊन लागलं, वारा लागला. हाताला काम तेवढं काही लागलं नाही.

आता दुसरी फेरी तोंडावर आली होती आणि नवऱ्याला रजा नव्हती. मानेवर गरम पाण्याची पिशवी ठेवून सून त्याला म्हणाली, "भरवशाचं एक माणूस बरोबर असतं ना, तर हे पट्ट्यांचं झेंगट लागलंच नसतं."

बाई तेव्हा जिन्यात होत्या. म्हणजे थांबल्या वगैरे नव्हत्या, गुडघ्याला जरा दम खाऊ देत होत्या. पण ते वाक्य त्यांच्या कानातून आत गेलं आणि पोटात जाऊन बसलं.

कारण बाईंना जायचं होतं. एवढीच गोष्ट होती, आणि तेवढीच त्या कुणाला सांगणार नव्हत्या. सुनेनं पहिल्या फेरीचे फोटो दाखवले तेव्हा सगळ्यांनी दिव्याचं कौतुक केलं, लाटेचं केलं, ढगांचं केलं. बाईंनी पाहिली ती बुरुजाच्या पायाशी बांधलेली दोरी. दीपगृहाच्या माणसाचे कपडे वाळत घातलेले होते. दोन सदरे, एक पँट, एक चादर, आणि सगळे आडवे! जमिनीला समांतर! इस्त्री करून हवेत ठेवल्यासारखे ताठ. जन्मभर खिडकीतल्या ओल्या दमट हवेशी आणि घुं-घुं करणाऱ्या वाळवणी यंत्राशी मारामारी केलेल्या बाईंची नजर तिथंच अडकली. असा वारा! चहा निवायच्या आत चादर वाळेल. आणि त्या अक्कलशून्य माणसानं ती पँट लावली होती एका चिमट्यावर. एका! बाईंना त्या रात्री त्या पँटची काळजी वाटत राहिली.

पण "मला ने" हे दोन शब्द बाईंच्या तोंडाच्या मापाचे नव्हते. त्या पाणीसुद्धा मागायच्या नाहीत. "आज घरात सगळ्यांचेच घसे ओले दिसतायत," असं म्हणायच्या, मग ज्याला समजेल तो उठायचा. मागायचं नाही, कुणी बोलावलं तर उपकार केल्यासारखं जायचं, हा बाईंचा कायदा. तेव्हा त्यांनी सरळ हिशेब मांडला. पट्टा चांगला मिळाला तर माणूस लागणार नाही. पट्टा मिळालाच नाही तर माणूस लागेल. आणि भरवशाचं माणूस या घरात दुसरं आहे कोण?

त्यांनी आपला जाडा करडा कोट काढला, धुतला, अस्तराचा फाटका कोपरा शिवला, वाफेखाली धरून कॉलर बसवली आणि खाली लाँड्रीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या रांगेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगून ठेवला. सुनेनं येता-जाता विचारलं, "आई, हा कोट कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा," बाई म्हणाल्या. "नेईल सवडीनं."

रविवारी लाँड्री बंद. टेबलावर चहा, आणि चिरंजीव मोबाईल उघडून बसलेले. या मुलाला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी सगळ्या जगाचं मत वाचावं लागे. बाईंनी त्याचं नाव पंडित ठेवलं होतं. पायमोजे घेतानाही पंडित वाचन करूनच दुकानात शिरे आणि चुकीच्या मापाचे घेऊन बाहेर पडे.

"आई, ऐक. दोन कॅमेरे न्यायचे यात प्रकार आहेत."

"मी कशाला ऐकू? मान तिची."

"बरं, मग नको ऐकूस."

"बोल आता सुरू केलंयस तर."

पंडितानं सुरुवात केली. कंपनीनं कॅमेऱ्याबरोबर दिलेले पट्टे तर बाद. सगळं वजन मानेवर येतं.

"आणि वर कंपनीचं नाव केवढं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मान आपली, जाहिरात त्यांची. बाद. पुढे."

"मग हा तिरका पट्टा. या खांद्यावरून त्या कमरेपर्यंत. याला कॅमेरा बुडाकडून अडकवायचा, म्हणजे तो उलटा लटकतो, आणि हवा तेव्हा सरकवत वर घ्यायचा."

"उलटा? वटवाघळासारखा?"

"दोन कॅमेऱ्यांना दोन पट्टे. एक इकडून, एक तिकडून."

"म्हणजे छातीवर फुली. बायकोवर फुली मारून पाठवतोस होय रे?"

सून चहात हसली आणि मान दुखली म्हणून "आई गं" म्हणाली.

"कमरेचा पट्टा आहे," पंडित नेटानं म्हणाला. "दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा खोचायचा."

"दरोडा घालायला निघालीय का? आणि हिला कंबर आहे कुठे? पट्टा थोरली-धाकटीसकट सरळ पायात उतरेल. बाद."

"पाठीच्या बॅगेच्या पट्ट्याला क्लिप लावता येते. कॅमेरा छातीवर घट्ट बसतो."

"छातीवर थोरलीला बसवायचं आणि गोल जिना चढायचा. पायरी दिसायची कशी? ती थोरली काय खाली बघून सांगणार, जपून गं, पुढे वळण आहे?"

"मग राहिला हार्नेस," पंडित वैतागून म्हणाला.

बाईंनी कप खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"हार्नेस."

"हार नेस? अरे हार घालतात. नेसतात ती साडी. एवढी शाळा शिकलास, वर नोकरी करतोस, आणि हार नेसायला सांगतोस बायकोला? टोपी पांघर म्हणशील उद्या. चप्पल बांध म्हणशील."

"आई, तो शब्दच तसा आहे. हार्नेस. दोन्ही खांद्यांवरून येतो, पाठीवर जोडलेला असतो."

"नाव ठेवणाऱ्याला घालणं आणि नेसणं यातला फरक कळत नाही, तो पट्टा काय डोंबलाचा शिवणार!"

यावर सून एवढी हसली की पिशवीतलं गरम पाणी डुचमळलं. त्या दिवसापासून त्या घरात त्या वस्तूला हार म्हणायला लागले आणि तो घालण्याला नेसणं. दुकानाचा पत्ता पंडितानं काढून दिला. सून म्हणाली, "आई, तुम्ही येता का बरोबर?"

"मला कुठे वेळ आहे," असं म्हणत बाई चपला घालून जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

दुकान लांबट होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. एका बाजूला काचेचं कमरेएवढं कपाट, दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर पट्टेच पट्टे लोंबत होते, रुंद, अरुंद, कापडी, चामड्याचे, आणि सगळीकडे नव्या चामड्याचा तो ओला-गोड वास. शेवटी वरच्या माळ्यावर जाणारा लोखंडी गोल जिना होता. सुनेनं तो पाहिला आणि म्हणाली, "वा, इथं तर चढूनही बघता येईल." बाईंना तो जिना तेव्हाच आवडला नाही.

दुकानदार उंच, वाकलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "या आजी, बसा," असं म्हणून त्यानं स्टूल पुढे केलं.

"आजी? तुमची आणि माझी ओळख आहे का काही?"

"तसं नाही काकू—"

"काकाही माझ्या ओळखीचे नाहीत. पट्टे दाखवा."

दुकानदारानं पट्टे दाखवायला सुरुवात केली. सुनेनं थोरली-धाकटीला काढलं, अडकवलं, जिना चढली, उतरली. तिरक्या पट्ट्यांची फुली जिन्याच्या दुसऱ्याच वळणावर सरकून गळ्याशी आली. बाई म्हणाल्या, "बघ." कमरेचा पट्टा चढताना बरा होता, उतरताना खाली सरकला, आणि सुनेला एका हातात कठडा, एका हातात पट्टा असं यावं लागलं. बाईंनी दुकानदाराकडे बघितलं. तोच ओशाळून म्हणाला, "यांचा बांधा जरा बारीक आहे." क्लिपवाल्या प्रकारात थोरलीनं हनुवटीला टोला दिला. प्रत्येक पट्टा फसला की बाईंचा चेहरा दुःखी व्हायचा आणि मन एक पायरी वर चढायचं. बुरुज, दोरी, आडवी उडणारी चादर. अजून थोडंच.

"मग यांना हार्नेसच बरा," दुकानदार म्हणाला.

"नेसून बघते," सून गंभीर चेहरा करून म्हणाली. दुकानदाराला काही कळलं नाही.

त्यानं भिंतीवरून तपकिरी चामड्याचा हार काढला. दोन रुंद पट्टे, खांद्यावर मऊ गादी, पाठीवर दोन्ही जोडणारी आडवी पट्टी आणि तिच्यात बक्कल. दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत लोंबणारी टोकं, त्यांना आकडे. कॅमेऱ्याच्या बुडाला एक खुंटीसारखा स्क्रू पिळायचा आणि आकड्यात अडकवायचा.

"आधी मी बघते," बाई म्हणाल्या. "मी जन्मभर लोकांचे खांदे हँगरला लावलेत. मला एका मिनिटात कळेल."

दुकानदारानं त्यांना हार चढवला. आरशात बाईंना एक टांग्याची घोडी दिसली, चांगली खानदानी, पण घोडीच. "आता डोळ्यांवर झापडं पण लावा," त्या म्हणाल्या. मग सुनेनं एका बाजूला थोरली अडकवली आणि दुसऱ्या बाजूला धाकटी, आणि बाई आतून गार झाल्या.

कारण वजन नव्हतंच. म्हणजे होतं, पण ते मानेला विचारायला येत नव्हतं. सगळं खांद्यांवर पसरून निजलं होतं. थोरली डाव्या कमरेशी, धाकटी उजव्या कमरेशी, मध्ये अख्ख्या बाई. जावांची भेट व्हायची सोयच नव्हती. याच्यापुढे काय खोड काढायची? बाईंनी हात वर केले, खाली केले, वाकून बघितलं. हार जन्मजात अंगावर असल्यासारखा बसला होता.

"कसं वाटतंय?" सुनेनं विचारलं.

"ठीक," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'ठीक' म्हणजे दुसऱ्यानं आरती ओवाळण्यासारखं. सुनेच्या डोळ्यांत लगेच चमक आली आणि बाईंच्या डोळ्यांपुढची चादर दोरीवरून सुटून उडाली.

मग सुनेनं हार नेसला. तिच्या अंगावर तो सैल झाला. "मागचं बक्कल ओढून घ्या," दुकानदार म्हणाला. सुनेनं हात मागे नेला. पोचेना. दुसरा नेला, खांद्यावरून नेला, काखेतून नेला. दुकानदारानं बक्कल ओढून दिलं, ती जिना चढली, एकदम झकास. वर जाऊन थंडी वाजतेय असं समजून तिनं हाराखाली जाकीट चढवलं, तर घट्ट. काढलं, तर पुन्हा सैल. समुद्रावर दिवसभर तेच चालणार होतं, वर वारा म्हणून कोट घाल, खाली ऊन म्हणून कोट काढ, आणि दर वेळी मागचं बक्कल.

"हे ओढायला माणूस लागतं," दुकानदार म्हणाला. "एकटं असलं की जरा पंचाईत."

बाई स्टुलावर ताठ बसल्या. चादर परत दोरीवर आली, दोन्ही बाजूंनी चिमटे लागले.

आणि नेमकं तेव्हाच त्यांची नजर काचेच्या कपाटावर गेली. दुकानदारानं भिंतीवरून काढलेल्या पट्ट्यांच्या ढिगाऱ्यात अगदी तसाच एक हार पडला होता. तेच चामडं, तीच गादी, तेच आकडे. फरक एवढाच की याची आडवी पट्टी पुढे होती आणि बक्कलही पुढे, छातीशी, आपल्या आपण ओढायला.

बाईंची पर्स मोठी होती. ती त्यांनी मांडीवरून उचलली आणि दमल्यासारखं करून कपाटावर ठेवली. ठेवली ती नेमकी त्या हारावर. पर्सखालून एक आकडा बाहेर डोकावत होता, त्यावर हात ठेवला.

"माझी पर्स जड आहे," त्या दुकानदाराला म्हणाल्या. त्यानं काही विचारलं नव्हतं.

सून जिन्याच्या पायथ्याशी एकटीनं प्रयत्न करत होती. तिला जिद्द चढली होती. "जमेल हो, सवय होईल," असं म्हणत तिनं हात पाठीमागे पिळला, मान तिकडे वळवली, बक्कलाचं टोक बोटांत आलं आणि "अगं आई गं!" म्हणून ती तशीच थांबली. मान तिकडेच राहिली. चेहरा पांढरा पडला, आणि ती आरशात स्वतःकडे तिरकं बघत हसायचा प्रयत्न करायला लागली. "अडकली," ती म्हणाली. "एक मिनिट. सुटेल."

बाई उठल्या, तिच्या मानेला हात लावला. वळ अजून होता. आखडलेली शीर बोटाखाली दोरीसारखी लागली, ओल्या कपड्यांनी ताणलेल्या दोरीसारखी. बाईंनी तळव्यानं ती हळूहळू दाबली. पोर डोळे मिटून उभी राहिली. या मानेला घेऊन ही दर वळणावर असं करणार, आणि बरोबर कुणी नसलं तरीही करणार, कारण हीसुद्धा मागणाऱ्यातली नाही. हे बाईंना इतके दिवस दिसलं नव्हतं. सून आपल्यावर गेलीय ही गोष्ट त्यांना तिथं, त्या दुकानात कळली, आणि अजिबात आवडली नाही.

मान सुटली. बाई मागे फिरल्या, पर्स उचलली.

"हा बघ," त्या म्हणाल्या. आवाज भांडायला निघाल्यासारखा आला. "हा पुढून बांधायचा. कुणी लागत नाही याला."

"अरे, हा इथं होता होय!" दुकानदार म्हणाला. "मी मघापासून शोधतोय."

"शोधणाऱ्यानं पर्स उचलून बघायची असते," बाई म्हणाल्या.

सुनेनं पुढच्या बक्कलाचा हार नेसला. खट्, ओढला, बसला. जाकीट घातलं, खट्, सैल केला. जिना चढली, उतरली, थोरली डोळ्याला लावली, सोडली, धाकटी उचलली. मान जागच्या जागी. बाई स्टुलावर बसून कपाटावरच्या ओरखड्याकडे बघत होत्या. संपलं. चादर गेली, सदरे गेले, ती बिचारी पँट एका चिमट्यावर लोंबत राहिली.

सुनेनं आरशातून आधी हाराकडे बघितलं. मग कपाटाकडे, जिथं मघाशी पर्स होती. मग बाईंकडे. बराच वेळ बघितलं.

"नको," ती म्हणाली. "पहिलाच द्या. मागच्या बक्कलाचा."

"का?" बाईंनी विचारलं.

"पुढचं बक्कल थोरलीच्या काचेला घासेल."

दुकानदार म्हणाला, "नाही हो, बक्कल छातीवर आणि कॅमेरा कमरेशी, कसं घा—"

"पहिलाच द्या," सून म्हणाली. दुकानदारानं चष्मा काढला आणि तो दोरीला लोंबू दिला.

बाईंनी पुढचं बक्कल अंगठ्यानं चाचपलं. मऊ चामड्याच्या खोळीत झोपलेलं होतं. त्यानं काच सोडा, लोणीसुद्धा ओरखडलं नसतं. एक तर सुनेला बक्कल कळत नाही, नाहीतर आपल्याला सून कळत नाही, आणि दोन्हींतलं काहीही कबूल करण्यासारखं नव्हतं.

"घ्या ताई, पिशवी," दुकानदार म्हणाला. आजीची काकू आणि काकूची ताई व्हायला त्याला अख्खी सकाळ लागली होती.

घरी येताना दोघी शेजारी शेजारी चालत होत्या. फुटपाथ अरुंद, समोरून सायकली. बाईंनी कोपऱ्यापर्यंत कळ काढली.

"आणि मागचं बक्कल कोण ओढणार? दीपगृहातला तो माणूस?"

"तो ओढेल की."

"ज्याला पँटला दोन चिमटे लावता येत नाहीत तो?"

"नाहीतर मिळेल कुणीतरी," सून पुढे बघत म्हणाली. "बोटीवर असतात माणसं चांगली."

"असतील," बाई म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. घर आल्यावर उघडलं ते पंडितासाठी, कारण त्यानं टेबलावर ओला कप ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीत गर्दी ओसरली होती. बाई कुणाच्या तरी सदऱ्याच्या बाहीवर इस्त्री फिरवत होत्या, बाहीनं काही अपराध केल्यासारखी. जिन्यात पावलं वाजली. सून खाली आली. अंगात जाडं जाकीट, वर हार, एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी. तिनं बाईंकडे पाठ केली.

"आई, जरा नेसवा."

बाईंनी इस्त्री उभी केली, बक्कल ओढलं, पट्टी सारखी केली, खांद्यावरची गादी शिवणीवर बसवली, दोन्ही कॅमेऱ्यांच्या बुडाचे स्क्रू पिळून बघितले. थोरलीचा अर्धा फेरा सैल होता. "हे रोज सकाळी बघायला पाहिजे," त्या पुटपुटल्या. "नाहीतर थोरली जाईल समुद्रात."

"तेच ना. हार घालायचा असता तर मी एकटीनं घातला असता. पण हा नेसायचा निघाला. आणि नेसवायला घरचंच माणूस लागतं."

बाईंनी इस्त्री पुन्हा उचलली. सुनेनं कपड्यांची रांग हातानं सरकवली. हँगर एकमेकांवर खटखटले. करड्या कोटापाशी हात थांबला.

"या गिऱ्हाइकाला निरोप द्या," ती म्हणाली. "कोट घेऊन जा म्हणावं. परवा सकाळी निघायचंय."

वाफ फुस्स करून वर आली. बाईंना ती तोंडापुढे असलेली बरी वाटली.

"गिऱ्हाईक फार कामात असतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"त्याला कुणी बोलावल्याशिवाय जायची सवय नाही."

"म्हणून तर बोलावतेय."

"आणि ते नाही म्हणालं तर?"

"मग थोरलीला घरी ठेवते. पुस्तकात नुसते जवळचे फोटो येतील. प्रकाशक विचारेल, लांबचे कुठं आहेत? मी सांगेन, गिऱ्हाईक अडून बसलं."

"प्रकाशकापर्यंत नेऊ नकोस," बाई घाईनं म्हणाल्या. "बघते विचारून."

सून जिना चढून गेली. हार पाठीवर सरळ बसला होता, कुठे सुरकुती नाही. बाईंनी ती अर्धी वर जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग आधी पंडिताला हाक मारली, लाँड्रीची किल्ली कुठं असते, कोणत्या गिऱ्हाइकाशी किती बोलायचं आणि कोणत्या बटनाला अजिबात हात लावायचा नाही, ते सांगायला. तो "अगं पण तू कुठं चाललीस?" म्हणाला, तर "कामाला" एवढंच उत्तर मिळालं.

मग त्यांनी कोटाची पिशवी फाडली. मागच्या खिडकीशी चिमट्यांची टोपली होती. बाईंनी त्यातले लाकडी, घट्ट स्प्रिंगचे तेवढे निवडले, एकेक दाबून बघितला, आणि कोटाचे दोन्ही खिसे गच्च भरले.

"सूनबाई," त्यांनी जिन्यातून वर ओरडून विचारलं, "त्या माणसाच्या पँटा एकूण किती आहेत गं?"